धुण्यानंतरचा आकडा

पाषाणच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
शर्टाच्या बटणाएवढी गारगोटीची चकती
सेकंदाला पन्नास लाख वेळा थरथरते
आणि मी तिची थरथर वहीत उतरवते.
ऐकू काहीच येत नाही.
पडद्यावर नुसती एक रेघ.

आधी मीठपाणी सोडायचं.
मग अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन,
केसाएवढ्या नळीतून, मुंगीच्या चालीनं.
रेघ खाली येते.
खाली आली म्हणजे कुणीतरी येऊन बसलं,
इतकं हलकं
की सोनाराची गुंजसुद्धा इथे डोंगर.

दाबके मॅडम म्हणाल्या, याला अधिशोषण म्हणायचं,
शोषण नव्हे.
शोषणात आत मुरतं.
इथे दगड आत काहीच घेत नाही,
जे व्हायचं ते वरच्या वर.
मी मान डोलावली.
शोषण हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो वाघोलीच्या खाणीवर,
ट्रॉलीवर चढून एक माणूस तो सारखा ओरडत होता
आणि आप्पा खाली बसून
घणाचा ढिला दांडा ठोकत होते.
त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

दगडाच्या अंगावर आधीपासून पाणी असतं,
ओळीनं, शिस्तीत बसलेलं.
प्रथिन जवळ आलं की ते उठतं, मोकळं होतं,
आणि अर्धी ओढ म्हणे त्या मोकळं होण्याचीच.
म्हणजे चिकटणाऱ्याची माया थोडी,
सुटणाऱ्याची घाई फार.

बसल्यावर प्रथिन हळूहळू घडी सोडतं.
आत जपलेलं, पाण्यालाही कधी न दाखवलेलं
दगडाला दाखवतं.
मग तशी घडी
पुन्हा घालता येईलच असं नाही.

रक्ताची तऱ्हा निराळी.
आधी पोचतात ती लहान, चपळ, संख्येनं पुष्कळ.
मागून सावकाश येतात ती जड,
आणि आधीच्यांना उठवून त्यांच्या जागी बसतात.
मॅडम फळ्यावर बाण काढून समजावत होत्या.
खराडीत आमची पालं होती तिथे आता
अठरा मजले आहेत.
मला हा धडा पाठ आहे
हे मी त्यांना सांगितलं नाही.

एकदा डब्याच्या पिशवीतून आप्पांच्या खाणीतला
एक टवका आणला होता, काळा, बोटाएवढा.
म्हटलं, याच्यावर मोजता येईल का?
मॅडमनी तो उजेडात फिरवून पाहिला,
म्हणाल्या, यल्लूबाई, फार खडबडीत आहे,
याचा हिशोब बसायचा नाही.
चांगल्या मनानं म्हणाल्या.
यंत्राला गुळगुळीतच लागतं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
टवक्याच्या अर्ध्या भागाला अंड्याचं पांढरं लावलं,
अर्धा कोरा ठेवला.
तासाभरानं दोन्हींवर निळा रंग ओतला,
प्रथिनाला धरतो तो.
मग नळाखाली धरून
आई परात धुते तसं धुतलं.
कोरा भाग जवळजवळ काळा झाला.
दुसऱ्या भागाच्या बारीक खळग्यांतून
निळं हटेना.

खाणीत सुरुंग उडाल्यावर
कधी कधी काळ्या दगडाच्या पोटात
असेच निळे खडे निघायचे.
व्यापारी मोटारसायकलवर यायचा,
वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा.
आप्पांच्या अंगठ्याचं मांस उडालं
तो दगडही गेलाच, खडी होऊन,
बाणेरकडच्या कुठल्याशा रस्त्याखाली.
आईनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं.
एकच तांब्या.

आता मीठपाण्यानं धुणं चालू आहे.
रेघ वर चढते,
चढते,
आणि पहिल्या जागेच्या खालीच थांबते.
मधल्या अंतराला आम्ही आकडा म्हणतो,
तो वहीत लिहितो, खाली सही करतो.

टवका माझ्या खणात आहे,
हातमोज्यांच्या खोक्यामागे.
त्याची नोंद कुठेच नाही.